बाटलीतला राणी रंग

मंडळी, या टेबलावर दोन बाटल्या आहेत. दोन्हींत इथल्याच, पैठणच्या रेशमाला रंग देऊन झाल्यावर टोपात उरलेलं पाणी आहे. डावीकडची बाटली तशीच ठेवली. उजवीकडच्या बाटलीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला थोडा जिवंत गाळ टाकला आणि माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप बारा दिवस चालू ठेवला. झाकण काढून वास घ्या, वास गेलाय. फेसही बसलाय. राणी रंग मात्र शेवटच्या रांगेतूनही दिसतोय. जिवाणूंनी खाण्याजोगं होतं ते खाल्लं, रंगाला तोंड लावलं नाही.

त्यात जिवाणूंचा दोष नाही. ऊन, घाम, साबण सोसूनही पदर फिका पडू नये म्हणूनच हे रंग घडवलेले असतात. त्यांतले पुष्कळ अझो गटातले. नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले, आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडीमुळे. औषधनिर्मितीच्या सांडपाण्यातही असे चिवट रेणू असतात. ते जैविक टाकीतून जसेच्या तसे बाहेर पडतात.

हा बंध तोडायला इलेक्ट्रॉनांचा झोत कामी येतो. आपल्या घरातला जुना, मागे फुगीर टीव्ही आठवा. त्याच्या नळीतही इलेक्ट्रॉनांचा झोतच पडद्यावर फिरायचा, वीस-पंचवीस हजार व्होल्टने ढकललेला. सांडपाण्यासाठीच्या त्वरकात, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्रात, ते बळ साधारण १० लाख व्होल्टचं असतं. झोत टायटॅनियमच्या पातळ पापुद्र्यातून बाहेर येतो आणि खालून वाहणाऱ्या पाण्यावर पडतो.

तो थेट रंगाच्या रेणूवर जाऊन आदळतो, असं बरेच जण समजतात. पण पाण्याच्या तुलनेत रंग असतोच किती! झोत फोडतो ते पाणीच. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पाण्याच्या रेणूचे अतिशय चपळ तुकडे, तयार होतात, ते ऑक्सिडीकरण करतात, समोरच्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. त्याच क्षणी पाण्याच्या रेणूंनी वेढलेले मोकळे इलेक्ट्रॉनही तयार होतात, ते उलट काम, म्हणजे क्षपण करतात. एरवी या दोन कामांसाठी दोन वेगळी रसायनं लागतात, इथे दोन्ही पाण्यातूनच, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत निर्माण होतात. मला स्वतःला या तंत्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

अडचणही इथेच आहे. १० लाख व्होल्टचा इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम ४ मिलिमीटर शिरतो, म्हणजे भाकरीच्या जाडीएवढा. त्यामुळे टाकीवर झोत सोडून भागत नाही, पाण्याचा पातळ पडदा करून तो झोताखालून वेगाने न्यावा लागतो.

'किरण' म्हटलं की पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. त्वरक वीज बंद केली की बंद. या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी पाणी किरणोत्सारी होत नाही. यंत्र चालू असताना क्ष-किरण निघतात, म्हणून त्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती हव्यातच.

दक्षिण कोरियात डेगू इथल्या कापड-रंगाई वसाहतीत २००५ मध्ये रोज १०,००० घनमीटर सांडपाणी हाताळू शकणारा प्रकल्प उभा राहिला. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या जियांगमेनला २०२० मध्ये रोज ३ कोटी लिटरचा झाला. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. कारखान्यातलं पाणी कारखान्यातच पुन्हा वापरता आलं, तर धरणावरचा तेवढा भार हलका होईल.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. झोताची मात्रा किलोग्रेमध्ये मोजतात. एक किलोग्रे म्हणजे पाण्याच्या किलोमागे एक किलोज्यूल ऊर्जा. हजार लिटरला १,००० किलोज्यूल, म्हणजे विजेचे ०.२८ युनिट. ही झाली फक्त पाण्यात उतरणारी ऊर्जा, यंत्रातली तूट आणि पंप वेगळे.

पण किलोग्रे किती लागतील? इथे कोरियाचा आकडा उचलून चालणार नाही. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, ते जड असतं. तुमच्या घागरीला आतून पांढरा थर बसतो ना? त्याचं मूळ असलेलं बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गिळतं. मूलक रंगापर्यंत पोचण्याआधीच संपतात आणि मात्रा वाढवावी लागते. शिवाय क्षार आणि जड धातू या झोताने पाण्याबाहेर जात नाहीत. त्यांची वेगळी सोय लागतेच. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असंही नाही, रेणूचे तुकडे उरतात. पण ते तुकडे आता जिवाणूंना पचतील एवढे लहान असू शकतात, म्हणून झोत आणि जैविक टाकी यांची जोडी जमवायची.

नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम केंद्र आहे. अशा ठिकाणी नमुना न्यायचा, तर आधी आपल्याला आपलं पाणी माहीत हवं. वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींकडून आलेल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: प्रक्रियेआधीची एक आणि जैविक टाकीनंतरची एक, अशा दोन बाटल्या रीतसर परवानगी घेऊन भरा, तीही मे महिन्यात. पावसाळ्यातला नमुना पातळ असतो, फसवतो. मग त्यातलं बायकार्बोनेट मोजायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीत, आम्ल घ्या, नमुन्यात मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाका. तोही अझो रंगच आहे. नमुना स्वतःच रंगीत असेल तर थेंबाचा रंग कळणार नाही, तेव्हा पीएच मीटर लावा. आम्ल थेंबथेंब सोडत पिवळ्याचा नारिंगी झाला की थांबा आणि किती आम्ल लागलं तो आकडा तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या.