कपाटात तोंड घालून बोलायचं

नमस्कार श्रोतेहो. आत्ता तुमच्या रेडिओतून माझा आवाज येतोय ना, त्याच्या मागे काय ऐकू येतंय सांगा बरं? काही नाही ना? ते "काही नाही" घरच्या घरी मिळवायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

मी व्हॉइस ओव्हरची, म्हणजे जाहिराती-फिल्मना मागून आवाज द्यायची कामं घरून करते. घर म्हणजे छोटा फ्लॅट, भिंतीला भिंत लागून शेजारी, वर माणसं, खाली माणसं. सुरुवातीला मी तेच केलं जे सगळेच करतात, ते काळे टोकाटोकाचे फोमचे तुकडे मागवले, एका भिंतीवर चिकटवले, फोटोबिटो काढले, एकदम स्टुडिओ वाटायला लागलं. आणि पहिलंच रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकते तर काय, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतंय ते माझ्या वाक्यापेक्षा स्पष्ट!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे दोन वेगळे आजार आहेत. एक, बाहेरचा आवाज आत येणं. दुसरा, आपलाच आवाज खोलीत घुमणं. फोम आहे दुसऱ्यावरचं औषध, तेही अर्धंमुर्धं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, भरीव दार, दाराखालची फट बुजवलेली. फोम म्हणजे हलका स्पंज, त्यातून आवाज आरामात आरपार जातो. आणि अर्धंमुर्धं का म्हटलं, तर १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट असते जवळपास साडेतीन मीटर लांब, भारदस्त पुरुषी आवाजाचा तळ साधारण तिथेच असतो, आता इंचभर जाडीचा फोम त्याला काय अडवणार? तो वरवरची धार तेवढी पितो, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूस मडक्यात तोंड घालून बोलतोय.

एक करून बघा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागून टर्रर्र असा झणझणाट आला तर समजायचं की समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती तुमचा आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे टोलवतायत. आता कपड्यांचं कपाट उघडा आणि आत हात घालून तशीच टाळी वाजवा. जागच्या जागी विरते की नाही? झालं, तुमचा स्टुडिओ घरात आधीपासूनच होता!

माझी मांडणी सांगते. कपाटाची दारं उघडी, आत हँगरला जाड कपडे, अगदी कोंबून नाही, थोडी हवा राहील असे. माइक कपड्यांच्या अलीकडे, त्याची पाठ कपड्यांकडे, तोंड माझ्याकडे. आता इथे बरेच जण चुकतात. व्हॉइस ओव्हरला वापरतात ते बहुतेक माइक समोरून जास्त ऐकतात आणि पाठीमागून कमी, म्हणजे माइकला थेट दिसते ती तुमच्या पाठीमागची भिंत! तिथे जाड रजई टांगायची, कपड्यांच्या स्टँडवर, दोन दारांमध्ये दोरी बांधून, कशीही. आणि छत. छताचा विचार कोणीच करत नाही हो, ते तर डोक्यावर एवढं जवळ आणि अगदी गुळगुळीत. मी दुसरी रजई स्टँडवरून कपाटाच्या माथ्यावर टाकते, तंबूसारखी. दिसायला अवतार असतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत घामाघूम व्हायला होतं कारण पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून मी स्क्रिप्टचे तुकडे करून वाचते.

माइक कुठला घ्यायचा हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि त्यावर बोलायचा मला सगळ्यात जास्त कंटाळा आहे. डायनॅमिक माइक, म्हणजे स्टेजवर गायक हातात धरतात तसला, आजूबाजूचं कमी ऐकतो म्हणतात, त्यात मोठा भाग असा की आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो. जवळ जाण्यातच खरी गंमत आहे, माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोली आहे तिथेच राहते. मी एक वीत अंतर ठेवते, त्याहून फार जवळ गेलं की आवाज उगाच जाड आणि घोगरा होतो. फक्त आपली भाषा पडली महाप्राणांची. तोंडासमोर तळहात धरून "फाटक" म्हणा, "भांडण" म्हणा, हवेचा फटका लागला ना हाताला? तोच माइकवर धप्प करून आदळतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोरची ती बारीक जाळी, लावाच, पण त्याच्याही आधी माइक जरा बाजूला सरकवून तोंडाकडे तिरका करा, म्हणजे हवा त्याच्या शेजारून निघून जाते.

आता शांतता मोजायची कशी? दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरमध्ये पातळी बघा. इथे आकडे उण्यात असतात, जितका खाली तितकी शांतता जास्त. एसीएक्ससारखे ऑडिओबुकवाले ती उणे ६० डेसिबल किंवा त्याखाली मागतात. माझी पहिल्यांदा भरली उणे ४८, आणि मी घरभर चोर शोधत फिरले. लॅपटॉपचा पंखा निघाला, तो लांब ठेवला. ट्यूबलाइटची गुणगुण निघाली. आणि मोठा चोर निघाला फ्रिज. हे सगळं नंतर नॉइज रिडक्शनने काढू म्हणाल तर थोडं निघतं, जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, मी एका क्लायंटला तसं पाठवलंय, पुन्हा काम आलं नाही.

तर फ्रिज बंद करून रेकॉर्ड करायला लागले. आणि एकदा काम संपवून खुशीत बाहेर निघून गेले ते संध्याकाळीच उगवले, स्वयंपाकघरात तळं! तेव्हापासून नियम आहे, फ्रिज बंद केला की घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे तो उघडल्याशिवाय मला बाहेर पडताच येत नाही.

हेही भाषण मी त्याच कपाटात तोंड घालून करतेय बरं का. गाडीवाल्यांचा गोंगाट सुरू व्हायच्या आत, पहाटे. किल्ल्या चांगल्या गार झाल्या असतील आता. नमस्कार.