आधी खोली, मग स्पीकर

श्रोतेहो, नमस्कार. स्पीकर घ्यायला निघाला असाल, तर दुकानात जाण्याआधी खोली मोजा. पुन्हा सांगते, आधी खोली.

सांगलीचे माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, निवृत्त झाले आणि त्यांनी जन्मभराची हौस पुरवली. कमरेइतके उंच, १० इंची वूफरचे, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याचे, दोन स्पीकर आणले. खोली १० बाय १०, उघड्या भिंती, खाली फरशी. स्पीकर गेले दोन कोपऱ्यांत. अभंग लावला, डग्ग्यावर थाप पडली आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं थरथरली. शब्द तर विहिरीतून आल्यासारखे! दुकानदार म्हणाला, मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. काका अगदी हिरमुसले.

पुढे दिवाळीची आवराआवर निघाली. गच्चीवर उन्हात टाकलेल्या कापसाच्या गाद्या पाऊस आला म्हणून मावशीनं घाईघाईनं खाली आणल्या आणि स्पीकरसमोरच्या भिंतीला उभ्या केल्या. संध्याकाळी काकांचा फोन, "बाळ, अक्षर न् अक्षर ऐकू येतंय गं!"

मी गेले. खोलीत टाळी वाजवून पाहिली, पूर्वीचा घणघणाट गाद्यांनी शोषून घेतला होता. डग्गा मात्र अजून घुमत होता. मग काकांनी आणि मी स्पीकर इंचाइंचानं कोपऱ्यातून पुढे ओढले. दोन फूट पुढे आले आणि ताटं गप्प. मावशी पदर खोचून दारात उभी होती. म्हणाली, "हां, आता तबला तबल्यासारखा वाजतोय."

कोपऱ्यात खर्ज फुगतो, कारण दोन्ही भिंती त्याला जोर देतात. त्यात १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खालच्या सुराची अर्धी लाट नेमकी मावते, म्हणून तो सूर घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंनी तोच सूर, दुप्पट त्रास.

म्हणून लहान खोलीला पाच-सहा इंची वूफरचे छोटे स्पीकर पुरतात. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा पडदा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांमधलं अंतर साधारण सारखं ठेवा. वॅटच्या आकड्याला भुलू नका : वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल.

आणि मंडळी, गाणं लावलंत की हातातला फोन बाजूला ठेवा. तानपुरे जुळताना ऐकणं हेही गाणंच आहे. हल्ली ती दोन मिनिटं लोक फोनवर गाणं पुढे सरकवून टाळतात, मला फार वाईट वाटतं.

दुकानात ऐकायला स्वतःचं, पाठ असलेलं गाणं न्या. जमलं तर दोन दिवस स्पीकर घरी आणून ऐका, कारण दुकानाची खोली तुमच्या घरी येत नाही.

काकांच्या भिंतीला आजही एक गादी उभी आहे. मावशीनं तिला आपल्या जुन्या जांभळ्या नऊवारीची खोळ शिवलीय, काठ वरच्या बाजूला घेऊन.