‘ही खरी गोष्ट आहे ना?’ : दीक्षाभूमीवर पुस्तके घेण्यापूर्वी

नमस्कार. दसरा जवळ आला की या वाहिनीवर एकच मागणी सुरू होते: ‘ताई, दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतील, तर कोणती कादंबरी आणि कोणते आत्मकथन घ्यावे ते सांगा.’ सांगणारच आहे. कादंबरी कल्पित असते आणि आत्मकथन जगलेल्या आयुष्याचे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून व्याख्यांत वेळ घालवत नाही. मात्र त्या मागणीला हटकून एक शेपूट असते, ‘पण ही खरी गोष्ट आहे ना?’, आणि त्याविषयी आज मी जरा तक्रारीच्या सुरात बोलणार आहे. कादंबरीच्या व्हिडिओखाली हा प्रश्न येतो, आत्मकथनाच्या व्हिडिओखालीही येतो, आणि एकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचे कुतूहल तेथेच संपते. माझे म्हणणे असे, की त्याआधी पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलणारा कोण आहे, तो कोणत्या वयातून बोलतो आणि कोणाशी बोलतो, हे तपासावे.

(पुस्तक समोर धरून) दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले. याची सुरुवात सावकाश वाचा. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, आणि दगडू हे लेखकाचेच मूळ नाव आहे. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, लेखक म्हणून ओळखला जाणारा माणूस आपल्याच जुन्या नावाचे बोलणे ऐकत बसला आहे. ‘सुरुवातीची पाने वगळली तर चालतील का?’ असे एका प्रेक्षकाने विचारले होते. नाही चालणार. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात जे अंतर पडले आहे, त्याचा सल पुस्तकभर जाणवतो, आणि ती पाने वगळणाऱ्याच्या हाती केवळ हालअपेष्टांचे वर्णन उरते.

आता कादंबरीकडून तीच गोष्ट पाहू. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. निवेदक मुकुंद नववीत शिकतो आणि काळ आणीबाणीचा आहे. या पुस्तकावरच्या माझ्या व्हिडिओखाली आजही ‘शिरोडकर सध्या कुठे असते?’ असे विचारले जाते. अहो, ती कादंबरीतली मुलगी आहे! गंमत बाजूला ठेवू, पण हे विचारताना आपण लेखकाच्या खऱ्या कसबाकडे पाहत नाही. लिहिणारा प्रौढ आहे आणि बोलणारा नववीतला आहे, त्यामुळे देशात काय चालले आहे ते मुकुंदला मोठ्या माणसांच्या बोलण्यातून जेवढे कळते तेवढेच तो सांगतो. त्याच्या बाजूला उभे राहून त्याच्यापेक्षा थोडे अधिक समजून घेणे, हे वाचकाचे काम आहे.

तिसरे उदाहरण आपल्या नागपूरचे. नंदा खरे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. त्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. मला मात्र त्यांची ‘अंताजीची बखर’ (1997) अधिक प्रिय आहे. अठराव्या शतकातला अंताजी आपल्या आयुष्याची हकीकत इतक्या बेरकीपणे सांगतो, की एका सद्गृहस्थांनी मला मूळ बखर कोणत्या दप्तरात पाहायला मिळेल, असे विचारले. अंताजी हा खरे यांनी घडवलेला माणूस आहे. जो मनुष्य स्वतःच्या भित्रेपणाचीही चवीने हकीकत सांगतो, त्याच्या शब्दावर आपण चटकन विश्वास ठेवतो, आणि कल्पित ‘मी’ला खरेपणा येतो तो असा. दगडूच्या बाबतीत खरा माणूस स्वतःला दोन नावांत विभागतो, मुकुंदच्या बाबतीत प्रौढ माणूस स्वतःला लहान करतो, आणि अंताजीच्या बाबतीत तर माणूसच बनवलेला आहे. तिन्ही ठिकाणी ‘खरे का?’ या प्रश्नाने हाती काही लागत नाही.

नागपूरकरांनी अवश्य घ्यावे असे पुस्तक म्हणजे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (1981). हे सलग आत्मकथन नाही, आत्मपर लेख आहेत. त्यांच्या संस्कृत शिक्षणाची हकीकत मी पुनःपुन्हा वाचते. दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, तरी नोकरी मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव येते, आणि मग महाविद्यालयात नेमणूक होते. पदवी तीच, उमेदवारही तीच. कुमुद सोमकुवरला न मिळालेली नोकरी कुमुद पावडेला मिळाली, हे लेखिका स्वतःच नोंदवते आणि त्या नोकरीचे श्रेयही बिचकत घेते. लिहिणारीला स्वतःच्या यशाचाच संशय येतो, ही जागा मला इतरत्र क्वचितच आढळली आहे. ‘प्रेरणादायी आत्मकथन सुचवा’ असे लिहिणाऱ्यांनी हे वाचून मग मला त्या विशेषणाचा अर्थ कळवावा.

उरलेली नावे थोडक्यात घेते. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) कोकणातले आहे. आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे त्यात शेजारी शेजारी चालते. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (1990) पुलंविषयीची माहिती मिळवण्यासाठी वाचू नका, पुष्कळ लोक नेमके त्यासाठीच वाचतात आणि बाईंचे म्हणणे त्यांच्या कानांवर पडतच नाही. जंगलाची ओढ असणाऱ्यांनी मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’ घ्यावे. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी तेथे परत जातो, एवढ्याशा धाग्यावर ती उभी आहे.

आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. तिच्या नायकाचे, एकनाथचे, शिक्षण झाले आहे, नोकरी मात्र नाही आणि शेती परवडत नाही. धरमपेठेतल्या आमच्या वाचक गटात एका निवृत्त काकांनी पुस्तक मिटून विचारले, ‘मग पुढे त्या पोराला नोकरी लागली का हो?’ काकांच्या प्रश्नावर मी रागावले नाही. पुरावा मागणे वेगळे आणि पात्राची काळजी वाटणे वेगळे, आणि काकांना काळजीच वाटत होती.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ‘शाळा’पासून सुरुवात करावी, नंतर ‘बलुतं’, आणि मग ‘अंतःस्फोट’. ‘अंताजीची बखर’ वाचायला वेळ लागतो, तिच्यासाठी दिवाळीची सुट्टी राखून ठेवा. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या दिवशी स्टॉलपुढे उभे राहून पुस्तक चाळण्याइतकी जागा नसते, म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी सकाळी जा आणि पहिली दोन पाने तेथेच उभ्याने वाचून पाहा. विक्रेते हरकत घेत नाहीत.