राजा कैदेत, तरी राजाच

आधी एक समज डोक्यातनं काढून टाका, की राजा गेला की त्याच क्षणी त्याचा वारस राजा होतो. आता तसं होतं, २०२२ च्या सप्टेंबरात एलिझाबेथ गेल्या आणि चार्ल्स लगेच राजे झाले, राज्याभिषेक मग निवांत पुढच्या मे महिन्यात. पण बाराव्या शतकातल्या इंग्लंडात राज्याभिषेकात डोक्याला पवित्र तेल लागेपर्यंत गादी रिकामी समजायचे, आणि रिकामी गादी म्हणजे जो आधी पोचेल त्याची.

तेव्हाचा इंग्लंडचा राजा पहिला हेन्री, त्याला अनौरस पोरं वीसच्या वर होती, पण गादीला चालेल असा मुलगा एकच, विल्यम, वय १७. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या बार्फ्लर बंदरातनं तो निघाला, जहाजाचं नाव व्हाइट शिप, दारू प्यालेले सगळे, खलाशीसुद्धा, आणि बंदराबाहेर पडतापडताच जहाज खडकावर आपटलं. जवळपास ३०० माणसं होती म्हणतात, वाचला एक खाटीक. आणि त्याच जहाजावर चढून परत उतरलेला एक माणूस होता, राजाचा भाचा स्टीफन. का उतरला तर पोट बिघडलं होतं, असं त्या काळचा एक इतिहासकार लिहून गेलाय. एका जुलाबाने एवढं राजकारण फिरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता राहिली मुलगी, मॅटिल्डा. हेन्रीने ११२७ मध्ये सगळ्या सरदारांकडनं शपथ घेतली की माझ्यानंतर हीच. शपथ घेणाऱ्यांत स्टीफनही होता, म्हणजे तिचा आतेभाऊच. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री गेला तेव्हा मॅटिल्डा फ्रान्समध्ये नवऱ्याच्या मुलखात, पोटुशी, त्यात किल्ल्यांवरनं बापाशी भांडण झालेलं. स्टीफन फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बूलोनमधनं इंग्लिश खाडी ओलांडून थेट लंडनला, तिथनं विंचेस्टरला, कारण खजिना तिथे आणि तिथला बिशप याचाच भाऊ. शपथेचं काय, तर मरताना राजाने मत बदललं होतं अशी साक्ष द्यायला माणूस मिळाला, असा माणूस नेहमीच मिळतो. २२ डिसेंबरला राज्याभिषेक झालासुद्धा, तीन आठवड्यांत खेळ खलास.

खरी गंमत ११४१ ची आहे. मॅटिल्डा गादीसाठी इंग्लंडात येऊन लढत होती, आणि २ फेब्रुवारीला लिंकनला तिच्या बाजूच्या सैन्याशी झालेल्या लढाईत स्टीफन हातातली शस्त्रं तुटेपर्यंत लढला आणि पकडला गेला, ब्रिस्टलला कैदेत टाकला. आता मॅटिल्डाला कोण अडवणार? पण तेल लागलेलं होतं ना! कैदेत असला तरी राजा तोच, हिच्या वाट्याला आलं फक्त 'इंग्रजांची स्वामिनी' असं बिरुद. वेस्टमिन्स्टरला अभिषेकाची तयारी चालू असताना हिने लंडनकरांकडे पैसे मागितले, त्यांनी सवलत मागितली, ही ऐकेना. २४ जूनला शहरातल्या घंटा वाजल्या, लोक हत्यारं घेऊन बाहेर पडले आणि हिला जेवणाच्या ताटावरनं उठून पळावं लागलं. सगळे लिहितात की बाई फार गर्विष्ठ होती. असेलही, पण तिचा बाप कर वसूल करताना काय गोड बोलायचा का? त्याला खंबीर म्हणतात, हिला गर्विष्ठ. सप्टेंबरात तिचा सावत्र भाऊ रॉबर्ट पकडला गेला, सगळं सैन्य त्याच्याच जिवावर, मग काय, त्याच्या बदल्यात राजा सोडावा लागला. पुढच्या वर्षी डिसेंबरात ऑक्सफर्डच्या किल्ल्यात ती वेढली गेली तेव्हा बर्फात दिसू नये म्हणून पांढरे कपडे घालून गोठलेल्या नदीवरनं चालत निसटली.

वर्षानुवर्षं हेच चाललं, गावं जळत होती, ख्रिस्त आणि त्याचे संत झोपलेत असं लोक म्हणायचे, पीटरबरोच्या मठातल्या साधूने लिहून ठेवलंय. त्यात एक किस्सा सांगायलाच हवा. ११४७ मध्ये मॅटिल्डाचा १४ वर्षांचा पोरगा हेन्री भाडोत्री सैनिक घेऊन इंग्लंडवर चालून आला, पैसे संपले, आईने दिले नाहीत, रॉबर्टमामाने दिले नाहीत, मग पठ्ठ्याने पैसे मागितले कुणाकडे, तर ज्याच्यावर चालून आला त्या स्टीफनकडे! आणि त्याने दिले हो. नात्याने तोही मामाच की.

स्टीफनलाही तेलाची किंमत कळली होती. ११५२ मध्ये त्याने आपल्या हयातीतच मुलाचा, युस्टेसचा, अभिषेक उरकायचा घाट घातला, बिशप ऐकेनात म्हणून त्यांना कोंडलं, पण पोपचा नकार होता, काम झालं नाही. पुढच्याच वर्षी युस्टेस अचानक गेला आणि म्हाताऱ्याचा दम संपला. नोव्हेंबर ११५३ मध्ये तह झाला की मरेपर्यंत स्टीफन राजा, नंतर हेन्री. ऑक्टोबर ११५४ मध्ये स्टीफन गेला तेव्हा हेन्री खाडीपलीकडे होता, वारा फिरायची वाट बघत बसला, गादी जवळजवळ आठ आठवडे रिकामी आणि कुणी हातही लावला नाही, इतके सगळे थकलेले.

या दुसऱ्या हेन्रीने मात्र रिस्क घेतली नाही. ११७० मध्ये स्वतः जिवंत असतानाच थोरल्या मुलाचा अभिषेक करून टाकला, म्हणजे मध्ये फटच नको. तीन वर्षांत त्याच मुलाने बंड केलं, मुकुट दिलात पण मुलूख कुठे दिलात म्हणून, आणि त्याला फूस लावण्यात त्याची आईपण होती.