नाईलच्या उगमाकडचा पाणउंदीर

श्रोतेहो, नमस्कार.

इथिओपियाच्या उंच पठारावर उगम पावणारी धाकटी अबाय नदी ताना सरोवराला मिळते आणि त्याच सरोवरातून निळी नाईल बाहेर पडते. या नदीच्या उगमाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर, शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या मोहिमेला १९२७ साली शिशाच्या रंगाचा, दाट केसांचा एक उंदीर मिळाला. प्राणिशास्त्रज्ञ विल्फ्रेड ऑसगुड यांनी १९२८ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र वंश निर्माण केला आणि निलोपेगॅमिस प्लंबियस असे त्याचे नामकरण केले. दुसरा नमुना मात्र आजवर कोणाच्याही हाती लागलेला नाही.

त्याला पाण्यात वावरताना कोणी पाहिलेले नसले, तरी शरीराची ठेवण पुष्कळ काही सांगते. त्याची लव पाणी आत शिरू न देणारी, जवळजवळ पाणमांजराच्या लवेसारखी आहे. त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आफ्रिकेतील कोलोमिस वंशाचे उंदीर. लांबट मागील पायांवर भार देऊन ते रात्री उथळ प्रवाहात उभे राहतात, मिशा पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवतात आणि पाण्यातील किड्यांच्या अळ्यांची हालचाल त्या मिशांनी टिपतात. स्पर्शाचा हा सारा व्यवहार सांभाळण्यासाठी त्यांचा मेंदूही बराच मोठा असतो. उंदीर म्हटले की धान्याची नासाडी एवढेच आपल्याला आठवते. या कुळातील शिकारी मंडळींकडे आपले लक्षच जात नाही, याची मला खंत वाटते.

हे नाते जनुकांच्या आधारे २०२० मध्ये पक्के झाले, आणि तेही नव्वदहून अधिक वर्षे संग्रहालयात जपून ठेवलेल्या त्याच एका नमुन्यातून डीएनए मिळवून. त्याच अभ्यासात कोलोमिसच्या दोन नव्या जातींचेही वर्णन झाले. एका नमुन्याने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आज हा उंदीर अतिशय संकटग्रस्त, कदाचित नामशेष, असा नोंदवला जातो. त्याच्या प्रदेशात शेती आणि गुरांची चराई वाढत गेली. काठावरचे गवत व झुडपे खुरटली की ऊन थेट प्रवाहावर पडते, माती वाहून येते, दगडांखालच्या फटी गाळाने भरतात आणि तिथे वाढणाऱ्या अळ्या कमी होतात. लपायला जागा नाही आणि खायला अन्नही नाही, अशी त्या प्राण्याची दुहेरी कोंडी होते.

तरीही तो संपला असे म्हणण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. इथिओपियाच्या उत्तर भागात शेतांच्या मधोमध जुन्या चर्चभोवतीची लहान लहान राने धर्मश्रद्धेमुळे टिकून आहेत. अशा रानांतून वाहणाऱ्या थंड ओढ्यांच्या काठी रात्री सापळे लावून, आणि प्राण्यांनी पाण्यात सोडलेल्या डीएनएचा मागोवा घेऊन, शोधाला पहिल्यांदा तिथूनच सुरुवात व्हायला हवी.