सड्याखालचे टन

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी 2020 मधली एक बातमी तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं, असं टीव्हीवर जोरात चाललं होतं. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतल्या सोन्याच्या कितीतरी पट! मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. त्यांच्या अंदाजात होता 52,806 टन दगड, आणि त्यात टनामागे सरासरी 3.03 ग्रॅम सोनं. गुणाकार करा, सगळं मिळून साधारण 160 किलो होतं. दहा टनांचा डंपर भरून दगड काढा, फोडा, दळा, त्यातला कण न् कण हाती लागला असं धरा, तरी बाजारातल्या तोळ्याने जेमतेम तीन तोळे.

ती बातमी हसण्यावारी गेली. पण असाच आकडा एखाद्या कंपनीच्या पत्रकात येतो, पाठोपाठ शेअर चढायला लागतो, आणि तो मेसेज आपल्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो, तेव्हा कुणी हसत नाही. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, बागायतदाराच्या हातात चार पैसे असतात. मुंबईतल्या चाकरमान्याचं डिमॅट खातं तर खिशातल्या मोबाइलमध्येच असतं. शिवाय आपल्या कोकणाला हा विषय परका नाही. रेडीचं आणि कळण्याचं लोहखनिज, दापोली-मंडणगडाकडचं बॉक्साइट, कणकवली तालुक्यातली सिलिका वाळू, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं काळं इल्मेनाइट, ही नावं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे कुणी छाती ठोकून म्हणाला, "अरे, खाली सगळो मालच हा!" तर ते आपल्याला पटतं. बरं, ते खोटंही नसतं. माल असतो. फक्त किती, कसल्या प्रतीचा आणि काढू कोण देणार, हे त्या वाक्यात नसतं.

आज मला बोलायचं आहे ते या 'किती'बद्दल. जमिनीखालचे टन कुणी तोललेले नसतात. ते काढलेले असतात, म्हणजे गणिताने. ते गणित कसं बसतं ते एकदा बघू.

समजा, आपल्याच एखाद्या सड्यावर जांभ्याच्या खाली बॉक्साइटचा थर आहे. 500 मीटर लांब, 200 मीटर रुंद, सरासरी 3 मीटर जाड. झाले 3 लाख घनमीटर. एका घनमीटरचं वजन 2 टन धरलं, तर साठा 6 लाख टन. पत्रकात छापून येतो तो हा आकडा, आणि तो वाचताना जिल्हा परिषदेच्या रस्त्याची लांबी वाचावी तसा पक्का वाटतो.

आता त्यातला एकेक धागा ओढू. जाडी 3 मीटर, ही कुठून आली? शंभर-शंभर मीटरवर बोअर मारले, त्यांची सरासरी काढली. पण जांभ्यातलं बॉक्साइट चादरीसारखं सरळ पसरलेलं नसतं, ते खिशाखिशांनी असतं. एका बोअरला पाच मीटर लागतं, पुढच्याला हातभरसुद्धा नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं, म्हणून आपल्या परड्यातही त्याच खोलीवर लागेल, असं कोकणात शहाणा माणूस म्हणत नाही. दोन बोअरच्या मधल्या शंभर मीटरचं तसंच आहे. तिथे आपण काही पाहिलेलं नाही, फक्त धरून चाललो आहोत. पुढे मध्ये आणखी बोअर मारले आणि सरासरी जाडी 2 मीटर निघाली, की 3 लाख घनमीटरचे 2 लाख होतात.

मग वजन. जांभ्याच्या चिऱ्याला भोकं किती असतात ते आपल्या घराच्या भिंतीकडे बघूनही कळतं. नमुना म्हणून हातात येतो तो बहुतेक वेळा घट्ट तुकडा, कारण ठिसूळ भागाचा भुगा होऊन जातो. त्यात तो पावसात भिजलेला, न वाळवता तोललेला असेल, तर वजन आणखी फुगतं. नीट वाळवून, भोकांसकट मोजलं आणि घनमीटरला 1.6 टन भरले, तर उरले 3 लाख 20 हजार टन. राहिली प्रत. बॉक्साइटपासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, बनवणाऱ्या कारखान्याला त्यात सिलिका जास्त चालत नाही. तेवढ्यासाठी चौथा हिस्सा बाजूला काढावा लागला, की हातात 2 लाख 40 हजार टन.

सहा लाखांवरून अडीच लाखांच्याही खाली आलो, आणि एवढ्यात कुणीही खोटं बोललेलं नाही. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण खाणीत पैसे बुडाले की आपण लगेच लबाडी शोधतो. प्रामाणिक माणसाने केलेला कच्चा अंदाजही पैसे बुडवतो.

कॅनडातलं उदाहरण घ्या. ओंटारिओ प्रांतातल्या रेड लेक भागात रुबिकॉन मिनरल्स या कंपनीचा फीनिक्स नावाचा सोन्याचा प्रकल्प होता. 2013 च्या अंदाजात तिथे सगळं मिळून सुमारे 33 लाख औंस (एक औंस म्हणजे साधारण 31 ग्रॅम) सोनं दाखवलं होतं, त्यातला मोठा वाटा सर्वांत कच्च्या वर्गातला. कंपनीने खाणीत उतरायला विहिरीसारखी उभी वाट खणली, दगड दळायची गिरणी उभारली. जमिनीखाली उतरून जवळजवळ बोअर मारल्यावर सोनं वाटलं होतं तसं सलग नाही हे उघड झालं. जानेवारी 2016 मध्ये नवा अंदाज आला: चार लाख औंसांच्या आसपास. गिरणी तयार होती, तिच्यात घालायला दगड नव्हता.

हा 'कच्चा वर्ग' म्हणजे काय, ते सांगतो. जगभर खनिजाचा अंदाज जाहीर करायची एक उतरंड ठरलेली आहे. सर्वांत खाली 'इन्फर्ड', म्हणजे थोड्या नमुन्यांवरून बांधलेला. त्याच्या वर 'इंडिकेटेड', आणि त्याच्या वर 'मेजर्ड'. हे तिन्ही 'रिसोर्स'. खाण कशी काढायची, खर्च किती, भाव काय, परवानगी मिळते का, रस्ता-वीज-पाणी आहे का, हे सगळं तपासून नफ्यात काढता येईल असा जो भाग उरतो, त्यालाच 'रिझर्व्ह' म्हणायचं. इन्फर्डमधून थेट रिझर्व्हमध्ये उडी मारता येत नाही. आपल्याकडे 2015 च्या नियमांप्रमाणे शोधाचे टप्पे जी-4 पासून जी-1 पर्यंत मोजतात. जी-4 म्हणजे नुसती पाहणी, जी-1 म्हणजे बारकाईने केलेला शोध. आकडा जितका लहान, तितकी खात्री जास्त.

ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. ऑस्ट्रेलियात 1969 मध्ये पोसायडन कंपनीला निकेल लागलं, आणि एक डॉलरच्याही खाली असलेला शेअर फेब्रुवारी 1970 मध्ये 280 डॉलरला पोचला. निकेल होतं, पण वाटलं होतं त्यापेक्षा हलक्या प्रतीचं, आणि खाण सुरू होईतो भाव उतरले होते. त्या धड्यातून तिथली नियमावली घडत गेली आणि 1989 मध्ये जॉर्क संहिता म्हणून छापली गेली.

कॅनडाला जाग यायला ब्री-एक्स लागलं. इंडोनेशियातल्या बुसांगच्या जंगलात या कंपनीचे बोअर चालले होते. दर काही महिन्यांनी अंदाज वाढायचा, 1997 च्या सुरुवातीला तो 7 कोटी औंसांवर गेला. बाजारात कंपनीची किंमत 6 अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढली होती. ओंटारिओतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात होते. बोअरमधून दगडाची जी लांब गोल कांडी निघते तिला कोअर म्हणतात. ती कप्प्यांच्या पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात, मध्ये मध्ये खोली लिहिलेल्या लाकडी खुणा ठेवतात. मग कांडी उभी चिरायची, एक अर्ध प्रयोगशाळेत पाठवायचं आणि दुसरं पेटीत जपून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणालाही पडताळून बघता येतं. बुसांगला अख्खी कांडी दळून टाकत होते. पडताळायला मागे काही उरतच नव्हतं. दळलेल्या नमुन्यांत वरून सोन्याची पूड मिसळली जात होती. फ्रीपोर्ट या मोठ्या कंपनीने शेजारी-शेजारी आपले बोअर मारले तेव्हा सोनं नावापुरतंच निघालं, आणि मे 1997 मध्ये स्वतंत्र तपासणीने शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर 2001 मध्ये कॅनडाने कडक नियम आणले.

कोअरच्या पेटीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्या मातीशी जुळते. जांभ्यात, ठिसूळ दगडात कांडी अखंड निघत नाही. एक मीटर बोअर गेला आणि पेटीत साठ सेंटीमीटरच आले, असं सर्रास होतं. उरलेले चाळीस कुठे गेले? पाण्याबरोबर वाहून गेले. त्यांत काय होतं, हे त्या पेटीकडे बघून सांगता येत नाही. म्हणून चांगल्या अहवालात 'कोअर रिकव्हरी' टक्क्यांत दिलेली असते. नसेल, तर मी तो अहवाल तिथेच मिटतो.

किनाऱ्यावरच्या वाळूचं गणित तर ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात समुद्र हलकी पांढरी वाळू ओढून नेतो आणि वजनदार काळी वाळू मागे राहते. तेव्हा घेतलेला नमुना आणि मार्च-एप्रिलमध्ये घेतलेला नमुना एकाच पुळणीवरचे असून जुळत नाहीत. शिवाय मोनाझाइट, म्हणजे थोरियम असलेलं किरणोत्सारी खनिज, ज्यात आहे त्या किनारी वाळूची खाण 2019 पासून सरकारी कंपन्यांपुरतीच ठेवलेली आहे. त्यामुळे काळ्या वाळूच्या नावाने कुणी खाजगी भागीदारी घेऊन आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि आता 'काढू कोण देणार' हा मुद्दा. तो मी शेवटी घेतला, पण महत्त्वाने शेवटचा नाही. गोव्यात 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. जमिनीखालचा एक खडासुद्धा हलला नव्हता. कालपर्यंत ज्याला रिझर्व्ह म्हणत होते ते कागदावर असूनही काढता येईना. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही ऑगस्ट 2010 मध्ये केंद्राने नव्या खाणींना पर्यावरण मंजुरी देणं थांबवलं होतं. पश्चिम घाटाच्या कुशीत खाण काढायची, तर जंगल, पाणी, गावकरी आणि न्यायालय हे चारही हिशोबात धरावे लागतात. गावाचा विरोध असेल तर तो दलालाच्या पत्रकात नसतो, ग्रामसभेच्या ठरावात असतो. मला स्वतःला तो विरोध बहुतेक ठिकाणी रास्त वाटतो, पण ते मत बाजूला ठेवा. पैसे घालणाऱ्यानेही तो ठराव वाचायला हवा.

लिलावाच्या बातम्याही जपून ऐका. 2015 पासून खनिज पट्टे लिलावाने जातात, आणि 2021 पासून अगदी जी-4 टप्प्यावरचे पट्टेही संमिश्र परवान्यासाठी, म्हणजे आधी शोध आणि मग खाण अशा एकत्र परवान्यासाठी, लिलावात येऊ शकतात. म्हणजे 'अमुक कंपनीने पट्टा जिंकला' याचा अर्थ कधीकधी एवढाच, की आता ती शोध घ्यायला मोकळी झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासीत 59 लाख टन लिथियमची घोषणा झाली. ते 59 लाख टन खनिज होतं, धातू नव्हे, आणि वर्ग होता इन्फर्ड, जी-3. पुढे तो पट्टा लिलावाला काढला, तर पुरेसे पात्र बोलीदारच आले नाहीत. ज्यांचा हा रोजचा धंदा, त्यांनी तो आकडा वाचून हात आखडता घेतला.

मग शेअर घ्यायचेच नाहीत का? घ्या की. पण पत्रकात टन दिसले की आधी बघा, किती टन इन्फर्ड आहेत आणि रिझर्व्ह किती. टनाशेजारी प्रत दिली आहे का, बोअर किती अंतरावर आहेत, अंदाजाखाली सही कुणाची आहे आणि तो माणूस कंपनीच्या पगारावर आहे की बाहेरचा, हेही बघा. जॉर्क संहितेप्रमाणे सही करणाऱ्याला त्याच प्रकारच्या खनिजाचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. कागद इंग्रजीत असला तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला जवळ बसवा, तिला दहा मिनिटांत सापडेल.

आणि शेअर-बिअर काही नाही, गावातलाच कुणी स्टॅम्पपेपरवर 'खाणीत भागीदारी' देत असेल, तर त्याच्याकडे गट नंबर आणि खाणपट्टा मंजुरीचा आदेश मागा. सातबारा दाखवील, तो पुरत नाही. जमीन त्याची असली तरी खाणपट्टा सरकारकडूनच लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात खनिकर्म शाखा आहे, रत्नागिरीतही आणि ओरोसलाही. बाजारच्या दिवशी जाणं झालं की तिथे तो गट नंबर सांगून विचारा. उत्तर हातात येईपर्यंत पैसे बँकेतच राहू द्यात.

नमस्कार.