तापल्या लोखंडातून उभा राहणारा घोडा

श्रोतेहो, नमस्कार.

घोड्याचा मागचा पाय आठवून पाहा. मधोमध तो उलट्या बाजूला वाकलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं, याचा गुडघा मागे वळलाय. तो गुडघा नव्हेच, ती टाच. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला असतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट, आणि जमिनीला टेकलेलं खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. चारपाचशे किलो वजनाचा हा प्राणी चार बोटांच्या टोकांवर तोललेला असतो.

लोखंड भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून, खऱ्या मापाचा प्राणी कसा घडतो, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. सुरुवात टाचेपासून केली, कारण या कामात हातोड्याच्या आधी डोळा लागतो. टाचेला गुडघा समजून घडवलेला पाय कितीही सफाईदार झाला, तरी तो घोड्याचा होत नाही. बघणाऱ्याला शरीररचना ठाऊक नसेल, पण काहीतरी चुकलंय हे त्याला लगेच जाणवतं. लहान आकाराच्या मूर्तीत अशी गोष्ट खपून जाते. खऱ्या मापाच्या प्राण्याशेजारी माणूस उभा राहतो, त्याच्या खांद्याशी आपला खांदा लावून बघतो. तिथे सूट मिळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न कातडीचा नाही, आयाळीचाही नाही. प्रश्न एवढाच, की हा प्राणी आपला भार कुठे टाकतोय. माझ्या मते सगळं शिल्प या एका उत्तरावर उभं राहतं.

उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, कारण मान आणि डोकं त्या पायांच्याही पुढे लोंबत असतं. गंमत अशी, की घोड्याला गळ्याजवळची हाडं, म्हणजे आपल्यासारखी हासळी, नसते. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. छाती दोन खांद्यांच्या मध्ये नुसत्या स्नायूंनी तोललेली असते. हे कळलं की खांद्याचा पत्रा धडात घट्ट रुतवून बसवायचा मोह होत नाही. तो वेगळा ठेवावा, छातीवरून सरकेल असा दिसावा. लोखंड हलणार नाही, पण हलू शकेल असं वाटलं पाहिजे.

आता विसावलेला घोडा बघा. तीन पायांवर उभा, मागचा एक पाय सैल सोडलेला, खुराचं फक्त टोक टेकलेलं. ज्या बाजूचा पाय सैल, त्या बाजूचा कमरेचा उंचवटा खाली उतरतो आणि दुसऱ्या बाजूचा वर चढतो. त्या तिरक्या रेषेत विसाव्याचा सगळा भाव आहे. नव्याने हे काम करणाऱ्याला मी हाच पवित्रा सुचवीन. तीन पायांवर तोल सहज सांभाळला जातो आणि शिल्पात जीवही येतो.

दौडणारा घोडा करायचा असेल तर मात्र अभ्यास वाढतो. शतकानुशतकं चित्रकार भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवत आले. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे धावत्या घोडीची ओळीने छायाचित्रं घेतली, तेव्हा खरं काय ते दिसलं. एका क्षणी चारही पाय हवेत असतात हे खरं, पण ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. दोन पायांवर उधळलेल्या घोड्याची अडचण आणखी वेगळी, तिथे सगळा भार मागे उतरवावा लागतो. माद्रिदमध्ये राजा चौथा फिलिप याचा अश्वारूढ पुतळा आहे, १६४० सालचा, पिएत्रो ताक्का यांचा. तो ओतीव कांस्याचा आहे, घडीव लोखंडाचा नाही. पण तो मागच्या दोन पायांवर आणि शेपटीच्या आधारावर उभा आहे, आणि तोलाचा विचार करणाऱ्या कोणीही तो बघावा. त्याची शेपटी नुसती शोभेसाठी नाही.

पवित्रा ठरला की आधी छोटा नमुना करायचा. तारेचा करा, मेणाचा करा, मूळ मापाच्या एकदशांश करा. इथे एक हिशेब नीट समजून घ्यायला हवा. माप दहापट वाढलं की पृष्ठभाग शंभरपट होतो आणि वजन हजारपट. एक किलोचा भरीव नमुना खऱ्या मापात एक टन होईल. म्हणून मोठा प्राणी पोकळच करावा लागतो. घोड्याच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर असतं. २ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला १५.७ किलो. म्हणजे सगळं अंग मढवलं तर नुसत्या कातडीचं वजन ८० किलोंच्या आसपास जातं. आतला सांगाडा, पाय आणि डोकं यांचं वजन वेगळं.

नमुन्यावरून भिंतीवर किंवा जमिनीवर खऱ्या मापाची बाजूची आकृती खडूने काढायची. काम संपेपर्यंत ती पुसायची नाही. तापलेली प्रत्येक सळई त्या रेषेशी ताडून बघायची. फक्त एक ध्यानात ठेवा. हजार अंशांपर्यंत तापलेली मीटरभर लांबीची सळई सेंटिमीटरभराने वाढलेली असते. शेवटचं माप थंड झाल्यावरच घ्यायचं.

सांगाडा पाठीच्या कण्यापासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. जाड नळी घ्या आणि मानेपासून शेपटीपर्यंतचा बाक एकाच ओघात काढा. हा बाक चुकला तर पुढे कितीही पत्रा ठोकला तरी उपयोग नाही. मग खांदा आणि कंबर यांचे आडवे आधार, त्यातून पाय. पायांच्या आत भरीव सळई खुरापर्यंत नेऊन तिथे जाड तळपट्टीला जोडायची. भार ज्या वाटेने जमिनीत उतरणार, ती वाट सांगाड्यात सलग हवी. मध्ये कुठे ती तुटली तर वाऱ्याने आणि पाठीवर चढणाऱ्या मुलांनी तिथलाच सांधा आधी निखळणार.

आता भट्टीकडे येऊ. लोखंडाचं तापमान आपण त्याच्या रंगावरून वाचतो, म्हणून भट्टी जरा सावलीत असावी. भर उन्हात रंग फसवतो. काळपट लाल म्हणजे साधारण ७०० अंश सेल्सिअस. तिथे साधं पोलाद जेमतेम वाकतं, जोर लावून घडवायला ते तयार नसतं. नारिंगी झालं, ९५० च्या पुढे गेलं, की ते ओल्या मातीसारखं हातोड्याखाली सरकू लागतं. पिवळ्या रंगात, ११०० ते १२०० च्या दरम्यान, मोठी कामं करून घ्यायची. त्यापुढे पांढरा रंग येऊन ठिणग्या उडू लागल्या की लोखंड स्वतःच जळायला लागलेलं असतं. तो तुकडा वाया जातो. उलट्या टोकाला, दोन-तीनशे अंशांच्या आसपास निळी झाक दिसते, तेव्हा तर हातोडा मारूच नये. पोलाद त्या वेळी ठिसूळ असतं.

घाव घालून आपण धातू वाढवत नाही, फक्त त्याची जागा बदलतो. २० मिलिमीटर चौकोनी आणि १० सेंटिमीटर लांब तुकडा ठोकत ठोकत १० मिलिमीटर चौकोनी केला, तर तो ४० सेंटिमीटर लांब होतो. पायाचं नळीचं हाड असंच निघतं: मधे बारीक, दोन्ही टोकांना सांध्यापाशी जाड. ते जाड टोक हवं असेल तर सळई तेवढ्याच भागात तापवून टोकावर उभे घाव घालायचे, म्हणजे धातू मागे सरकून तिथे गोळा होतो. वेल्डिंग करून वरून भर घालता येते, मान्य आहे. पण हातोड्याने जाड-बारीक झालेल्या सळईत ताण दिसतो. बारीक भागातून जाड भागाकडे जाणारी ती रेषा खऱ्या स्नायूसारखी भरत जाते, आणि तीच घडीव कामाची श्रीमंती आहे. जोडायला वेल्डिंग जरूर वापरा. आकार मात्र आगीतून काढा.

पोट, मान आणि पुठ्ठे, म्हणजे मागच्या मांड्यांवरचा मांसल भाग, यांना पत्र्याच्या पट्ट्या लागतात. लाकडी ओंडक्यात खोलगट खळगा करून त्यावर तापलेला पत्रा ठोकला की तो वाटोळा होत जातो. पुठ्ठ्यांवरच्या पट्ट्या स्नायूंच्या दिशेने लावायच्या, कमरेपासून टाचेकडे. आडव्या लावल्या तर प्राणी पिंपासारखा दिसतो. आयाळीसाठी जाड पट्टी तापवून छिन्नीने चिरायची, प्रत्येक फाटा निमुळता ओढायचा आणि गरम असतानाच पीळ द्यायचा. सगळे फाटे एकसारखे नसले तर उत्तमच.

डोक्याला वेळ द्या. मी तर म्हणेन, सगळ्या धडाला लागतो तेवढा द्या. घोड्याचं तोंड लांब आणि हाडं कातडीला लागून असतात, त्यामुळे गालाची कडा, नाकाचा कणा, डोळ्यावरचा उंचवटा हे सगळं धारदार निघावं लागतं. नाकपुड्यांसाठी नळीचं तोंड ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या टोकावर, फाकवून घेतलं की आत खरी पोकळी मिळते. डोळ्यात लोखंडी गोळी बसवू नये, असं मला मनापासून वाटतं. खोबण खोल ठेवा, वरची कड पुढे आणा. दिवसभरात ऊन सरकेल तशी आतली सावली सरकत राहते आणि नजर आपोआप तयार होते. कान दोन्ही एकाच दिशेला करू नका. घोड्याचे कान वेगवेगळे वळतात, आणि मागे वळलेला एक कान पाठीमागून येणाऱ्या माणसाची चाहूल दाखवतो.

सगळं अंग झाकायलाच हवं का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नको. विसाव्या शतकात स्पेनच्या हुलिओ गोन्सालेस यांनी लोखंडाच्या सळ्यांनी हवेत आकृती रेखता येते हे दाखवून दिलं. जिथे भार आहे, जिथे ताण आहे, तिथला पत्रा दाट ठेवावा; बरगड्या, पोटाची खालची बाजू, मानेची आतली बाजू उघडी सोडावी. उरलेलं बघणाऱ्याची नजर भरून काढते.

सांध्यांचं ज्ञान काय करू शकतं ते बघायचं असेल तर जपानमधल्या मियोचिन घराण्याचं काम बघा. ही चिलखतं घडवणारी माणसं. शांततेच्या काळात त्यांनी लोखंडाचे साप, खेकडे, कीटक आणि ड्रॅगन घडवले, तेही प्रत्येक सांधा खऱ्यासारखा हलणारे. मियोचिन मुनेआकी यांचा १७१३ सालचा लोखंडी ड्रॅगन टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तीनशे वर्षांनंतरही त्याचे तुकडे एकमेकांवर सरकतात.

सुरक्षेबद्दल थोडं, पण ते कानावर पडायलाच हवं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी भट्टीत कधीही घालू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी तापवू नका, आतली हवा फुगून ती फुटते. अंगावर सुती कपडे, डोळ्याला चष्मा, कानात बोळे, आणि भट्टीच्या जागी हवा खेळती. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. भाजतो ते काळं दिसणाऱ्या लोखंडाने, कारण उजेडात चारशे अंशांचं लोखंडही थंड तुकड्यासारखंच दिसतं.

घडवून झालं की मोह होतो तो ग्राइंडरने सगळे घाव घासून गुळगुळीत करण्याचा. कृपा करून करू नका. तारेच्या ब्रशने पोपडे काढा, वेल्डिंगचे टवके काढा, आणि थांबा. हातोड्याच्या खुणांवर उजेड तुटतो, त्यामुळे अंग श्वास घेतल्यासारखं दिसतं. मग लोखंड हाताला सोसेल इतपत कोमट करून जवसाचं तेल किंवा मधमाश्यांचं मेण चोळा. छपराखाली ठेवायचं असेल तर एवढं पुरतं. उघड्यावर ठेवायचं असेल तर एकतर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात पाठवावं लागतं, किंवा गंज चढेल हे मान्य करून पत्रा आधीच जरा जाड घ्यावा लागतो. मुलाम्यासाठी पाठवायचं असेल तर पोकळ भागांना भोकं हवीतच. बंद पोकळीतली वाफ वितळलेल्या जस्तात स्फोट घडवते.

खऱ्या मापाचा प्राणी चौथऱ्यावर चढवू नये. तो आपल्याच जमिनीवर, आपल्या उंचीला उभा असावा. पाया काँक्रीटचा करा, खुरांखालच्या तळपट्ट्या बोल्टने त्यात आवळा आणि वरून तळपट्ट्या झाकतील एवढीच माती टाका, म्हणजे खुरं थेट जमिनीवर टेकलेली दिसतील. प्रत्येक तळपट्टीतून आणि पायातून पाणी निघून जायला वाट ठेवा. वरून शिरलेलं पावसाचं पाणी पायात साठलं, तर लोखंड आतून कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तार घालून त्या वाटा मोकळ्या करा आणि हात पोचेल तिथवर मेणाचा एक हात फिरवा.

नमस्कार.